सुषमाताई आणि जोडीची बटणं

ती गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या हातात दोन हिरवे पोपट होते. खरे नव्हेत हो, बटणं! इथे सिंगापुरात, सेरंगूनच्या मॉलमध्ये लेकीला, ऋचाला, शाळेचे बूट घ्यायला गेले होते आणि वाटेत शिवणाच्या सामानाच्या एका छोट्या दुकानात काचेखाली ते दिसले. लाल चोच, एकच डोळा, पंख किंचित उघडलेला... आणि चक्क जोडी! मी तिथे नाचायचीच बाकी होते. फोटो काढून सुषमाताईला पाठवला, खाली लिहिलं, “ओळख पाहू, कुठे मिळाले?” एरवी तिचं उत्तर अर्ध्या मिनिटात यायचं, त्यात चार-पाच उद्गारचिन्हं असायची. त्या दिवशी बूट घालून बघून झाले, एक माप मोठे मागवून झाले, आणि मग फोन वाजला. नंबर तिचा, आवाज मिलिंदभाऊजींचा. तिचे यजमान. “मेधा, सुषमा गेली गं,” ते म्हणाले. सकाळी चहा घेता घेता डोक्यात रक्तस्राव झाला, हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं आटपलं होतं. मी “हो का, बरं बरं” असं काहीतरी बोलले म्हणे. ऋचानं माझा हात ओढला, “ममा, युअर फेस व्हाय लाइक दॅट?” आणि मी तिथे, बुटांच्या खोक्यांमध्ये, मुठीतले पोपट पर्समध्ये टाकले.

आता काही आठवडे झालेत. रडून झालंय. पण सुषमाताईवर लिहायचं म्हणजे रडक्या सुरात लिहिता येत नाही हो, ती आवाजच चढवते! सुषमा गजभिये म्हणजे आमच्यातली सर्वांत मोठ्यानं हसणारी बाई. नागपूरची, शिक्षणानं प्रयोगशाळेतली, इथे सिंगापुरात संशोधनाच्या नोकरीवर, राहायला बुकित पंजांगला. आमची ओळख झाली मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला. मी नवा कुडता घालून मिरवत होते. गडद निळा, आणि त्याला निळ्या काचेची बटणं, प्रत्येकात एक सोनेरी ठिपका. एक बाई हातात चकलीची बशी घेऊन सरळ माझ्यासमोर आली, नाव नाही, गाव नाही, वाकून माझ्या गळ्याशी बघू लागली. “ही बटणं कुठली गं? एकसारखी दोन देशील का?” मी म्हटलं, “अहो, कुडत्याची आहेत!” तर म्हणते, “हौ ना, दिसतंय. खालची दोन काढली तर काय बिघडते?” मी तोंडाचा आ वासला. पुण्याच्या माणसाला कोणी असं विचारत नाही हो! मी ठाम नकार दिला, तर ती खळखळून हसली. “राहू दे बाप्पा. पण तू देशील. एक दिवस देशील.” मग तिनं मला कोपऱ्यात बसवलं आणि बटणं कशाला हवीत ते सांगायला लागली. फराळ संपला, खुर्च्या उचलल्या, लोक घरी गेले, तरी आम्ही तिथेच!

गोष्ट अशी. सिंगापूरला यायच्या आधी ताई बरीच वर्षं झांबियात होती, एका लहान दवाखान्यात रक्त तपासायची. गाव हमरस्त्यावरचं, ट्रकांच्या मुक्कामाचं. तिथे रात्रीचा धंदा करणाऱ्या बाया बऱ्याच, आणि एचआयव्हीचा धोका सर्वांत जास्त त्यांना. दवाखान्यात तपासणी होती, गोळ्या होत्या, कंडोमची खोकी पडून होती... पण बाया येतच नव्हत्या. कारण त्या तपासणीच्या दाराशी रांग लावली की सगळ्या गावाला दिसायचं! ताई वैतागली होती. तशात तिला ब्लाउज शिवायचा होता म्हणून ती ग्रेसकडे गेली. ग्रेसचं पत्र्याचं छोटं शिवणाचं दुकान. ग्रेसनं आयुष्यात साडीचा ब्लाउज पाहिला नव्हता. तिनं तो असा शिवला की हुक मागे, बाह्या मनगटापर्यंत! पण मापं घेता घेता दोघी बोलल्या. ग्रेस स्वतः कधीकाळी त्याच धंद्यात होती, स्वतः रोज गोळी घेत होती, आणि हे ती माप घेण्याच्या टेपाइतक्या सहज सांगत होती. ती ताईला म्हणाली, “तुझ्या दवाखान्यात बाई शिरली की लोक विचारतात का गेली. माझ्या दुकानात शिरली की कोणी विचारत नाही.” झालं! त्या दिवसापासून ते दुकानच ठिकाण झालं. आतल्या पडद्यामागे तपासणी, गोळ्या, कंडोम, आणि मुख्य म्हणजे गप्पा. वस्तीतल्याच चार-पाच जणी तयार केल्या, त्यांनी वस्तीत जाऊन बोलायचं, घाबरलेलीला धरून आणायचं. बाहेरच्या कोणी शहाण्यानं भाषण ठोकायचं नाही.

आणि नोंद कशी ठेवायची? नाव लिहायचं नाही, हा ग्रेसचा पहिला नियम. मग बटणं! नवी बाई आली की तिनं डब्यातून आवडेल ती जोडी उचलायची. एक बटण ती आपल्या कपड्याला आतून शिवणार, दुसरं ग्रेसच्या एका लांबलचक कापडावर बसणार. महिन्याला गोळ्या न्यायला, तपासणीला आली, की आपलं बटण दाखवायचं आणि कापडावर त्या बटणाखाली लाल दोऱ्याचा एक टाका पडायचा. कापडावर शिंप्याच्या खडूनं महिन्यांच्या रेघा आखलेल्या. एखाद्या रेघेत टाका नाही म्हणजे बाई आली नाही. मग कोणीतरी तिच्याकडे जायचं. “रागवायला नाही, बघायला,” ताई हे दर वेळी बोट उचलून सांगायची. एकीची जोडी दुसरीला कधीच नाही, म्हणून सतत नवनवी बटणं हवीत. आणि म्हणून ही बाई सिंगापुरात प्रत्येकाच्या गळ्याकडे बघत हिंडायची! कोणी कौतुक केलं तर लगेच म्हणायची, “डोकं ग्रेसचं. माझी नुसती बटणं.” तिचं स्वतःचंही एक होतं त्या कापडावर, शर्टाचं साधं पांढरं, चार भोकांचं. का विचारलं तर म्हणाली, “इतकं साधं कुणीच घेतलं नव्हतं ना!”

मग काय, मी अडकलेच. दर शनिवारी दुपारी मी माझ्या घरून, हौगांगहून ट्रेन, मग बस, असं करत बुकित पंजांग गाठायची. आपले तीन म्हणजे तिकडचे सकाळचे नऊ. ताईच्या डायनिंग टेबलावर बिस्किटांचा तो निळा पत्र्याचा डबा, त्यात बटणं, शेजारी लॅपटॉप, आणि पडद्यावर ग्रेसचं दुकान. अहो, काय गलका असायचा! कोणी रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरतेय, कोणी विचारतेय गोळी घेतल्यावर चक्कर येते ती भुकेनं की गोळीनं, कोणी नुसतीच आपल्या बाळाला नाचवून दाखवतेय. ताई निम्मं इंग्रजी, निम्मं त्यांच्या भाषेत, आणि चिडली की थेट नागपुरी. “काहून नाही घेतली गोळी? पोट्टी, तुले समजत नाही का?” आणि गंमत म्हणजे तिकडच्या बाईला ते बरोबर समजायचं. मिलिंदभाऊजी मुकाट्यानं चहा आणून ठेवायचे. मी बँकेत संगणकाचं काम करते, दिवसभर कोणाचा तरी हरवलेला डेटा शोधते. माझं काम शनिवारी फक्त बटणांच्या जोड्या लावून पाकिटात भरायचं. मला ते पुरेना.

इथे माझा गाढवपणा सुरू होतो. मी त्या कापडाचा फोटो पाहिला आणि हबकलेच. सगळी नोंद एका चिंधीवर? बॅकअप कुठाय? उंदरानं कुरतडलं तर? आग लागली तर? मी ताईच्या मागे भुणभुण लावली. मी ॲप करते, फुकट करते, सुंदर करते. ताई आधी नको म्हणाली. नंतर म्हणाली बघू. मी तिला तासन्‌तास पटवलं, तेव्हा ती म्हणाली, “तू शिकलेली पोरगी आहेस या कामात, मी नाही. तू म्हणतेस तर करू.” ग्रेसही तिच्या भरवशावर हो म्हणाली. मी महिनाभर राबले. नाव, फोन नंबर, राहायची जागा... आणि प्रत्येकापुढे लाल चांदणी! भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. आमच्या धंद्यात याला शिस्त म्हणतात. ग्रेसनं एकेकीला समजावून नावं घेतली, त्यांनीही तिच्याकडे बघून दिली. आणि वर मी माझी कल्पकता चालवली. गोळ्यांचा दिवस आला की सकाळी बरोबर नऊला प्रत्येकीच्या फोनवर आपोआप संदेश जाणार, “तुमच्या गोळ्या ग्रेसच्या दुकानात तयार आहेत.” पहिला संदेश सुटला तेव्हा मी ऑफिसात टाळ्या वाजवल्या.

मला ठाऊक नव्हतं की त्या वस्तीत बहुतेक घरांत वीज नाही. फोन चार्ज करायला घरमालकिणीकडे ठेवतात. एका मुलीचा फोन तसाच मालकिणीच्या टेबलावर होता. तिचं बटण पिवळं बदक, म्हणून आम्ही तिला बदकवाली म्हणायचो, ॲप येईपर्यंत नाव आम्हाला ठाऊकही नव्हतं. नऊ वाजता पडदा उजळला, मालकिणीनं वाचलं, आणि दुपारपर्यंत त्या मुलीचं भांडंकुंडं रस्त्यावर. तेही एक वेळ... पण आता सगळ्या गावाला कळलं की ग्रेसच्या दुकानात पडद्यामागे काय चालतं. पुढच्या शनिवारी लॅपटॉपच्या पडद्यावर ग्रेस एकटी. बाजूला जमिनीवर ती बदकवाली बसलेली, मांडीशी गाठोडं. बाकी दुकान रिकामं. त्याच्या पुढच्या शनिवारीही रिकामं. कापडावर त्या महिन्याच्या रेघेत दोन टाके. दोन! म्हणजे बाकी सगळ्यांच्या गोळ्या बंद पडायला आलेल्या, आणि बघायला तरी जाणार कोण, वस्तीत त्या तयार केलेल्या चार-पाच जणींनाही कोणी दारात उभं करीना.

ताई माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एकदम हळू बोलायला लागली. “पुसून टाक. सगळं. आत्ता, माझ्यासमोर.” मी चाचरत म्हटलं, “ताई, संदेश बंद करते ना, माहिती ठेवू या, पुढे उपयोगी...” तिनं टेबलावर हात आपटला, डब्यातली बटणं उडाली. “ती माहिती नाही गं, त्या बाया आहेत! त्यांनी नाव तुला नाही दिलं, ग्रेसला दिलं. मी तुला हो म्हणाले, माझीच चूक. माझीच.” आणि ती रडली. मी तिला एकदाच रडताना पाहिलं, ते तेव्हा. मी एकेक नोंद पुसली, तिच्यासमोर, प्रत्येक नाव जाताना मोठ्यानं “गेलं” म्हणत. मग ग्रेसला फोन लावला आणि मी माफी मागितली. कारणं सांगायला लागले तर ताईनं टेबलाखालून पाय दाबला. ग्रेस शांतपणे म्हणाली, “माझ्याशी कशाला बोलतेस? ही इथे बसली आहे, तिच्याशी बोल.” आणि तिनं फोन बदकवालीकडे फिरवला. मी बोलले. बदकवालीनं एवढंच विचारलं, “मी कुठे राहते ते तुला माहीत होतं. तू कुठे राहतेस?” म्हणून दुसऱ्या दिवशी मी माझ्या घरून फोन लावला आणि हौगांगचा फ्लॅट दाखवला. ओटा, ओट्यावरची खरकटी भांडी, खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले कपडे, न आवरलेला पलंग, “नॉट मी लाह, ममा!” म्हणून कॅमेऱ्यासमोरून पळणारी ऋचा. बदकवाली भांडी बघून हसली. माझ्या जिवात जीव आला.

पण दुकान रिकामंच होतं ना! तोड काढली ताईनं, आणि ती आठवली की अजून माझ्या अंगावर काटा येतो. मंगळवारी ऑफिसात मला तिचा फोन, आवाज असा की वाटलं लॉटरी लागली. “मेधा! त्या दुकानात सगळं गाव घुसलं पाहिजे! सगळं! मग कोण कशाला आलं कोण सांगेल?” शाळा सुरू व्हायच्या होत्या. ग्रेसनं दुकानाबाहेर पाटी लावली: मुलांच्या गणवेशाची तुटलेली बटणं फुकट लावून मिळतील. इकडे आम्ही पांढरी बटणं गोळा करत सुटलो. भाऊजींचे जुने शर्ट, ऑफिसातल्या लोकांचे जुने शर्ट, मंडळातल्या बायकांचे डबे. खोकं रवाना केलं. आणि तो शनिवार! तीन वाजले, पडदा उजळला, आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही! आया, आज्या, शेंबडी पोरं, हातात शर्ट. बटणं लावायला ग्रेसच्या शेजारी बदकवाली, मान खाली घालून. आणि ताईनं माझा दंड इतक्या जोरात दाबला की निळा झाला. दारातून ती घरमालकीण येत होती, हातात पोराचा शर्ट. मालकिणीनं शर्ट पुढे केला. बदकवालीनं तो घेतला, सुईत दोरा ओवला, तीन बटणं लावली, दात लावून दोरा तोडला आणि परत दिला. मालकीण टाके नीट निरखून बघून शर्ट घडी करून गेली. आणि त्या गर्दीतच, कोणाच्या लक्षात न येता, एकेक ओळखीची बाई पडद्यामागे जाऊन येत होती. ताई टेबलाभोवती गोल गोल फिरत होती, “बघ! ती बघ! हीसुद्धा आली!” भाऊजी चहा घेऊन उभे, कपात निम्मा, बशीत निम्मा. त्या महिन्याच्या रेघेत संध्याकाळपर्यंत टाके भरत गेले.

त्या संध्याकाळी मी घरी आले, तो निळा कुडता काढला आणि खालची दोन बटणं कात्रीनं उतरवली. पुढच्या शनिवारी ताईसमोर ठेवली. तिनं हसू दाबायचा प्रयत्न केला, जो तिला कधीच जमला नाही. एक गेलं ग्रेसच्या कापडावर, एक ताईनं स्वतःच्या हातानं माझ्या ओढणीला आतून शिवलं. ग्रेसनं माझ्यासाठी महिन्याच्या नाही, आठवड्याच्या रेघा आखल्या. दर शनिवारी मी दिसले की एक टाका. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला बँकेत मिळालेल्या कुठल्याही बढतीचा इतका आनंद झाला नाही. पुढची वर्षं कशी उडाली कळलं नाही.

आणि मग तो पोपटांचा दिवस. अंत्यसंस्कार झाले, पुण्यानुमोदनाच्या सभेला बौद्ध रीतीनं त्रिशरण म्हणताना मी सगळ्यांबरोबर उभी होते, नंतर घरी आले ती घरीच. शनिवार आला, तीन वाजले, मी फोन उलटा करून ठेवला. ताईशिवाय त्या पडद्यासमोर बसायचं कसं? दुसरा शनिवार तसाच. तिसराही. चौथ्या शनिवारी जेवणं झाली आणि दारावर थाप पडली. मिलिंदभाऊजी! शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली, काखेत तो निळा डबा. जो माणूस ताई गेल्यापासून घराबाहेर पडला नव्हता, तो बुकित पंजांगहून हौगांगपर्यंत आला होता. “ग्रेसचा फोन आला होता,” ते दारातच म्हणाले. “तुझे तीन टाके चुकलेत. ती बदकवाली विचारतेय, बघायला कोण जाणार? त्यांना तर येता येत नाही... म्हणून मला पाठवलं.” मी दाराला धरून हमसून हमसून रडले. जिला माझ्यामुळे घर सोडावं लागलं, तिनं त्या कापडावर माझी रेघ मोजली होती! भाऊजी अवघडून उभे, मग म्हणाले, “तीन वाजत आले गं. लॅपटॉप कुठाय?”

लावला. पडद्यावर सगळ्या होत्या. सुषमाताईच्या पांढऱ्या बटणाखाली लाल दोऱ्याला गाठ मारली होती, ग्रेसनं ते बोटानं दाखवलं आणि पुढे सरकली. बदकवालीनं सुई घेतली. माझ्या तीन रेघा तिनं रिकाम्याच ठेवल्या, त्या भरायच्या नसतात, आणि चौथीत टाका घातला. मग तिनं भाऊजींकडे बघून विचारलं, “यांचं बटण कुठाय?” भाऊजी गडबडले. इतकी वर्षं चहा आणणाऱ्या माणसाला कोणी बटण विचारलंच नव्हतं! मी उठले, कपाटातून ते दोन पोपट आणले. भाऊजींनी एक कॅमेऱ्यासमोर धरला आणि तिकडे एकच हशा पिकला, कोणीतरी पोपटासारखा आवाजही काढला. टपालानं पोहोचेपर्यंत ग्रेसनं कापडावर खडूनं पोपट काढून ठेवलाय. दुसरा मी त्यांच्या शर्टाला आतून शिवला.

डबा आता माझ्याकडे असतो. शनिवारी भाऊजी अडीचला येतात, मला नको सांगून स्वतःच चहा करतात. गेल्या शनिवारी मात्र पावणेतीन झाले, तरी आले नाहीत. फोनही उचलेनात. मी डबा काखेत मारला, ऋचाला तिच्या बाबाकडे सोपवलं, ओढणी गळ्यात टाकली आणि निघाले. तीन वाजता ट्रेनमधूनच ग्रेसला व्हिडिओ कॉल लावला. तिनं विचारलं, “आज कुठे?” म्हटलं, पोपट आला नाही, बुकित पंजांगला चाललेय. आणि पलीकडून चार-पाच जणी एकदम ओरडल्या, ताईच्याच ठसक्यात, बोट उचलून... रागवायला नाही हं, बघायला!